कॅन्सर आणि प्राणवायूची पेटी: आपला पैसा कुठे जावा?

(बीड येथील मित्र-मेळाव्यात आपल्या फिरत्या दवाखान्याच्या डॉक्टरांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळ्याआधी आपल्या एका जुन्या देणगीदार बंधूंचे पत्र आले. त्यांच्या बहिणीला कॅन्सर झाला होता. उपचार पूर्ण झाले, पण पुढे लघवीतून रक्त जाऊ लागले. तेव्हा डॉक्टरांनी तिला प्राणवायूच्या पेटीत बसवले आणि तिला आराम पडला. बंधूंनी लिहिले, "आपल्या दवाखान्यासाठी अशी पेटी घ्यावी का? मी मंडळ्यांमधून निधी जमवतो." प्रश्न प्रेमाने विचारला आहे, म्हणून उत्तरही सविस्तर द्यायला हवे.

त्याच सुमारास आष्टी तालुक्यातील एका पारधी वस्तीवरची बाई आमच्या गाडीपाशी आली. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'लाईट घेणे' म्हणतात, ते सुरू झाले होते. मध्येच कोणीतरी तिच्या नवऱ्याला सांगितले की लाईटने माणूस जळतो, त्यापेक्षा प्राणवायूच्या पेटीत बसवा, कॅन्सर आपोआप मरतो. त्यांनी शेळ्या विकल्या, शहरात खोली घेतली आणि पेटीत बसण्याचे पैसे भरले. पैसे संपल्यावर ती परत आली, तोवर लाईटचे कित्येक दिवस बुडाले होते.

पेटी एकच, पण एका बहिणीला तिने आराम दिला आणि दुसरीचे नुकसान केले. हा फरक का पडला, तेच आज सांगायचे आहे.

आधी ही पेटी म्हणजे काय ते पाहू. इंग्रजी नावावरून तिला हायपरबॅरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात. म्हणजे वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू देणे. माणूस बंद पेटीत किंवा खोलीत बसतो आणि आतल्या हवेचा दाब नेहमीच्या दुप्पट किंवा थोडा अधिक केला जातो. दहा मीटर खोल भरलेल्या विहिरीच्या तळाशी शरीरावर जेवढा दाब येतो, साधारण तेवढा. एरवी आपल्या रक्तात जवळजवळ सगळा प्राणवायू तांबड्या पेशी वाहून नेतात. दाब वाढला की तो रक्ताच्या पाण्यातही विरघळतो आणि जिथे रक्त नीट पोहोचत नाही, तिथेही थोडा पोहोचतो. मुंबईत नौदलाच्या आयएनएचएस अश्विनी रुग्णालयात अशी सोय आहे, कारण खोल पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांना तिची गरज पडते.

मग कॅन्सरशी तिचा संबंध कसा आला? किरणोपचार कॅन्सरच्या पेशी मारतात, पण आसपासच्या चांगल्या भागातील बारीक रक्तवाहिन्यांनाही इजा करतात. काही रुग्णांना महिन्यांनी किंवा वर्षांनी त्याचा त्रास होतो. ओटीपोटावर लाईट घेतली असेल तर मूत्राशयातून किंवा गुदाशयातून रक्त जाते. तोंडाच्या कॅन्सरसाठी घेतली असेल तर जबड्याचे हाड कुजू लागते. तंबाखू आणि गुटख्याच्या आपल्या भागात हे सांगणे गरजेचे आहे. अशा उपाशी राहिलेल्या भागाला वारंवार प्राणवायू मिळाला की तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटू लागतात आणि जखम भरायला मदत होते. त्यासाठी साधारण दीड-दीड तासाच्या तीस ते चाळीस बैठका लागतात.

याला आधार आहे. उत्तर युरोपातील पाच विद्यापीठ रुग्णालयांनी किरणोपचारामुळे मूत्राशयाला इजा झालेल्या रुग्णांवर एक अभ्यास केला आणि २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. पेटीतील उपचार मिळालेल्या रुग्णांचा त्रास इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी झाला. गुदाशयाच्या त्रासातही फायदा दिसला आहे. जबड्याच्या बाबतीत मात्र सर्व अभ्यासांचे निष्कर्ष सारखे नाहीत. म्हणजे त्या बंधूंच्या बहिणीला जो उपचार मिळाला, तो योग्य होता. तिचा कॅन्सर आधीच्या उपचारांनी गेला होता. पेटीने उपचारांची मागे राहिलेली जखम भरली.

आता दुसरी बाजू. पेटी स्वतः कॅन्सर बरा करते, याला पुरावा नाही. १९५५च्या सुमारास लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात रुग्णाला दाबाखाली प्राणवायू देत देत किरणोपचार करून पाहिले गेले. विचार चांगला होता, कारण प्राणवायू कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो. पुढे काही ठिकाणी थोडा फायदा दिसला, पण दुष्परिणामही वाढले आणि ती नेहमीची पद्धत झाली नाही. तिथेही पेटी किरणोपचाराच्या जोडीला होती, त्याच्या जागी नव्हती. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ साली लोकांना उघड इशारा दिला की कॅन्सर बरा करण्यासाठी हा उपचार मान्य केलेला नाही.

काही जण उलट भीती घालतात की जास्त प्राणवायूने कॅन्सर वाढतो. आजवरच्या अभ्यासांत तसेही दिसलेले नाही.

पेटीचे धोकेही आहेत. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, काही दिवस नजर बदलते, क्वचित झटके येतात. छातीत फुप्फुसाबाहेर हवा साचलेली असेल तर जीवावर बेतू शकते. कॅन्सरच्या काही औषधांबरोबर ती चालत नाही. शुद्ध प्राणवायूत एक ठिणगी पुरते. २०२५च्या जानेवारीत अमेरिकेतील मिशिगन राज्यात अशाच पेटीला आग लागून पाच वर्षांचा मुलगा गेला. तेव्हा पेटी विकत आणून फिरत्या दवाखान्यात ठेवण्यासारखी ही वस्तू नाही. तिला शिकलेली माणसे, तज्ज्ञ डॉक्टर आणि मोठे रुग्णालय लागते.

मग आपण काय करावे? उत्तर शोधायला फार दूर जायला नको. धाराशिवच्या पलीकडे बार्शीला नरगिस दत्त स्मारक कॅन्सर रुग्णालय आहे. १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतून सुरू झाली. पुढे १९९९पासून, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीच्या लोकांनी एक लाख तीस हजारांहून अधिक बायकांना सामावून घेणारा अभ्यास केला. तो २००९ साली जगापुढे आला. ज्या गावांत गर्भाशयाच्या मुखाची एचपीव्ही तपासणी आयुष्यात फक्त एकदा केली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्मे झाले. आपल्या शेजारच्या, आपल्यासारख्याच बायका! मुंबईच्या वस्त्यांमध्ये तर दहावीपर्यंत शिकलेल्या कार्यकर्त्या बायकांनी साध्या व्हिनेगरने तपासणी केली आणि मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाले.

आपल्या बीडमध्ये कॅन्सरच्या भीतीने काय केले, तेही विसरू नका. २०१९ साली ऊसतोड कामगार बायकांची सरकारी पाहणी झाली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. अंगावरून जाते म्हणून बाई दवाखान्यात गेली की "पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल" असे ऐकलेल्या कितीतरी जणी आपल्याला भेटतात. उचल फेडायची असते, कोयता बंद ठेवता येत नाही, मग बाई होकार देते. जिथे तपासणी नाही, तिथे भीतीचा बाजार भरतो. पेटीचा खोटा प्रचारही त्याच बाजारातला आहे.

आणखी एक गोष्ट. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचे किरणोपचार साधारण आठ आठवड्यांच्या आत पूर्ण व्हावे लागतात. मध्ये खंड पडला की बरे होण्याची शक्यता घटते. उपचाराचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून होऊ शकतो. छत्रपती संभाजीनगरला सरकारी कॅन्सर रुग्णालय आहे. मग आपल्या बायका उपचार अर्ध्यावर का सोडतात? एसटीचे भाडे नसते. राहायला जागा नसते. घरी लेकरे कोणाकडे ठेवायची, कळत नाही. रेशनकार्डावर नाव नसते. आणि दसरा-दिवाळी आली की टोळी निघते.

म्हणून त्या बंधूंना माझे नम्र उत्तर असे आहे. निधी जरूर जमवा, पण पेटीसाठी नको. भाडे, आठ आठवड्यांची खोली, दोन वेळचे जेवण, कागदपत्रांसाठी धावणारा एक कार्यकर्ता आणि वस्तीवर तपासणी, यांसाठी जमवा. एखाद्या रुग्णाला पुढे किरणोपचाराची जखम झाली आणि तिच्या कॅन्सरतज्ज्ञांनी पेटीचा सल्ला दिला, तर त्या एका रुग्णासाठी आपण जरूर धावू.

आणि तुम्हा सर्वांना एक विनंती. कोणी नवा उपचार सांगितला की तीन प्रश्न विचारा. हा चालू उपचाराबरोबर आहे की त्याच्याऐवजी? माझ्या कॅन्सरच्या डॉक्टरांना हे सांगितले आहे का? हा नेमक्या कोणत्या त्रासासाठी आहे? "त्याच्याऐवजी" असे उत्तर आले तर तिथून उठा.

शुभवर्तमानातील ती बाई आठवा. बारा वर्षे रक्त जात होते आणि जवळचे सगळे वैद्यांवर खर्चून ती गर्दीत मागून आली. प्रभूने तिला गर्दीतून ओळखले आणि "मुली" म्हणून हाक मारली. आपल्या वस्त्यांवरच्या अशा बायका लाजेने मागेच उभ्या राहतात. शेळ्या विकण्याआधी त्यांच्यापर्यंत पोहोचणे, हे आपले काम आहे.

आष्टीच्या त्या भगिनीचे किरणोपचार पुन्हा सुरू झाले आहेत. खंड पडल्यामुळे पुढचे सांगणे कठीण आहे. तिची लेकरे सध्या तिच्या सासूकडे आहेत आणि खोलीचे भाडे तुमच्या देणगीतून जाते. प्रार्थनेत तिची आठवण ठेवा. सलाम.