परदेशी शिक्षण आणि आपली लेकरं
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परदेशी शिक्षण म्हटलं की आपल्या माणसाला वाटतं, हे पैसेवाल्यांचं काम. पण एके काळी विहार हेच विद्यापीठ होतं. सातव्या शतकात ह्युएन त्संग वाळवंट आणि डोंगर तुडवीत चीनहून नालंदा महाविहारात शिकायला आला होता.

आता बाबासाहेबांचं बघा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. बदल्यात दहा वर्षे बडोद्याची नोकरी, असा करार. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१६ ला ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ ला शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. बडोद्यात नोकरीवर गेले तर राहायला जागा मिळेना. मग सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसा साठवला, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, शाहू महाराजांनी मदत केली, तेव्हा १९२० ला पुन्हा लंडन गाठता आलं. इकडे रमाईनं संसार ओढला. आपण जयंतीला त्यांच्या डिग्र्या सांगतो, या मधल्या तीन वर्षांबद्दल फारसं बोलत नाही.

हे भोगल्यामुळेच १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी आपल्या मुलांच्या परदेशी शिक्षणासाठी सरकारकडे पैसा मागितला. आपली परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती. विद्यापीठ म्हणजे हैदराबादचं उस्मानिया! मराठवाड्यातल्या पोरांसाठी औरंगाबादला मिलिंद कॉलेज बाबासाहेबांनी काढलं, तेही १९५० ला.

केंद्र सरकारची परदेशी शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून आहे. पण कागदावर ‘बौद्ध’ लिहिणाऱ्याला अनुसूचित जातीच्या केंद्राच्या सवलती १९९० पर्यंत नव्हत्या. धम्म घेतला म्हणून पस्तीसेक वर्षे आपली पोरं त्याला मुकली, हे नव्या पिढीला ठाऊकही नाही.

आणखी एक गोष्ट मनाला लागते. २०२२ साली या केंद्राच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळण्यात आले. बाबासाहेबांनी मे १९१६ मध्ये कोलंबियात जो निबंध वाचला, तो भारतातल्या जातिसंस्थेवरच होता. म्हणजे या नियमानं त्यांचाच अर्ज परत आला असता! यावर आपल्या संघटनांनी बोललं पाहिजे, नुसती मनात चरफड करून भागत नाही.

राज्य सरकारचीही राजर्षी शाहू महाराजांच्या नावची परदेश शिष्यवृत्ती आहे, अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुलामुलींसाठी. पण जागा साऱ्या महाराष्ट्रात मिळून ७५. जाहिरात निघाल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आधी विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात लागतं, आणि तिकडच्या प्रवेशाचे अर्ज सहा-आठ महिने, कधी वर्षभर आधी भरायचे असतात. म्हणून पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच पासपोर्ट आणि इंग्रजीची परीक्षा उरकून घ्या. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला यांत नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का, तेही बघा. क्रमवारीची, वयाची, उत्पन्नाची अट मधूनमधून बदलते. त्या वर्षीची जाहिरात नीट वाचा, शेजारच्या दादानं सांगितलं म्हणून चालू नका.

आणि आयाबायांनो, पोरगी गंगाखेडहून पुण्याला निघाली तरी घरात रडारड होते, मग लंडन तर लांबच. पण बाबासाहेबांनी अमेरिकेतून वडिलांच्या स्नेह्याला पत्र लिहिलं, त्यात मुलांच्या बरोबरीनं मुलींना शिकवा, असंच सांगितलं होतं.

ज्यांच्या घरी पदवीला शिकणारी मुलं आहेत, त्यांनी येत्या रविवारी वंदनेनंतर कागदपत्रांची फाईल घेऊन इथंच बसावं. मी आणि आपले दोन शिक्षक असू. नमो बुद्धाय, जयभीम.