‘रद्दबातल’ म्हणजे काय?

(तेर येथे महिला मंडळांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज एकाच शब्दावर बोलायचे आहे: रद्दबातल. फेरफार, खरेदीखत, मुखत्यारपत्र यांच्या कागदांत तो आपण वाचतो. हा कचेरीच्या मराठीतला शब्द अरबी-फारसीतून आला. बातल म्हणजे खोटे, पोकळ. रद्दबातल म्हणजे नुसते थांबवलेले नव्हे, तर कायद्याच्या नजरेत ज्याला अस्तित्वच नाही असे.

आता हा शब्द लग्नाला लावून पाहू. ‘अठराच्या आतले लग्न आपोआप रद्दच असते,’ असे आपल्या कार्यकर्त्यासुद्धा सांगतात. ते खरे नाही. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने असे लग्न लावणे गुन्हा ठरवला. पण लागलेले लग्न न्यायालय रद्द करीपर्यंत टिकून राहते. मुलीला पळवून, फसवून, जबरदस्तीने किंवा विकून लावलेले लग्न, तसेच न्यायालयाचा मनाई हुकूम मोडून लावलेले लग्न, एवढीच मुळापासून रद्दबातल. बाकीच्या लग्नांत मुलीला स्वतः अर्ज करावा लागतो. शेजारच्या कर्नाटकाने २०१६ च्या दुरुस्तीने सगळेच बालविवाह रद्दबातल ठरवले. आपल्याकडे तसे नाही.

आणि अर्जाला मुदत आहे. अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षे, म्हणजे मुलीच्या विसाव्या वाढदिवसाच्या आत. ही दोन वर्षे आपल्या भागात कुठे जातात? दिवाळीच्या आधी लग्न, मुकादमाची उचल, नवरा-बायकोचा एक कोयता, आणि सहा महिने उसाच्या फडात. दोन हंगाम झाले की मुदत संपते. अठरा-वीस ही वर्षे कायद्याने तिला दिली आहेत, हे तिला कुणी सांगितलेलेच नसते.

ही वाट सुद्धा सहज मिळालेली नाही. रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले. नांदायला जायला त्यांनी नकार दिला, तेव्हा नवऱ्याने १८८४ मध्ये मुंबईत दावा लावला. १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्यांनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. ‘हे लग्न मला मान्य नाही’ असे म्हणून ते रद्द करून घेण्याची सोयच तेव्हा नव्हती. आज आहे.

घटस्फोट आणि लग्न रद्द होणे यांत फरक आहे. घटस्फोटात लग्न होते हे धरून ते मोडतात. त्यासाठी छळ, सोडून देणे असे कारण सिद्ध करा, नाहीतर दोघांची संमती आणा. बालविवाह रद्द करताना नवरा वाईट होता हे सिद्ध करावे लागत नाही. लग्नाच्या वेळचे वय दाखवायचे. म्हणून जन्माचा दाखला, शाळेचा दाखला आणि लग्नपत्रिका जपून ठेवा.

‘रद्द झाले तर लेकराचे काय?’ असे आया विचारतात. मूल औरसच राहते. ताब्याचा निर्णय मुलाचे हित पाहून होतो. मुलीला पुन्हा लग्न होईपर्यंत पोटगी आणि राहण्याची सोय न्यायालय देऊ शकते. लग्नात दिले-घेतलेले दागिने आणि पैसे दोन्ही बाजूंना परत करावे लागतात.

अर्ज जिल्हा न्यायालयात करायचा. मुलगी आता माहेरी राहत असेल तर तिथल्या जिल्ह्यातही चालतो, म्हणजे इथल्या मुलीला धाराशिवला करता येतो. ती अठराच्या आत असेल तर पालक किंवा जवळची व्यक्ती बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्यासोबत अर्ज करते. गावात हे काम ग्रामसेवकाकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे आहे.

एक इशारा. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर पंचांनी ‘लग्न रद्द’ लिहून दोघांच्या सह्या घेतल्या, तर बालविवाह रद्द होत नाही. पुढे दुसरे लग्न केले की तीच मुलगी अडचणीत येते.

तेव्हा काम असे करू. प्रत्येक मंडळाने आपल्या गावातल्या, लहानपणी लग्न झालेल्या अठरा ते वीस वयाच्या मुलींची माहिती काढायची. टोळ्या फडावर निघण्याआधी प्रत्येकीला एकटीला गाठायचे आणि तिच्या मुदतीची तारीख सांगायची. अर्ज करायचा की नाही, हे तिने ठरवायचे. तिने हो म्हटले, तर वकिलाकडे आपण सोबत जायचे. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना वकील मोफत मिळतो.