बॉनेट आपणच उघडू या

(मालवण तालुक्यातील महिला बचत गटांच्या मेळाव्यात केलेलं भाषण, थोडं संक्षिप्त करून.)

या व्यासपीठावरून आपण पोटगीवर बोललो, सातबाऱ्यावर बोललो, दारूबंदीवर बोललो. आज मी जुन्या गाडीच्या दुरुस्तीवर बोलणार आहे. हा कसला बायकांचा विषय, असं दोघीतिघींनी मला येतानाच विचारलं. त्यांना मी एवढंच विचारते, की तुमच्या अंगणात जी गाडी उभी आहे, तिचं बिल कोण भरतं?

आपल्याकडे कित्येक घरांतला पुरुष मुंबईला, आखातात नाहीतर बोटीवर असतो. मागे राहते एखादी जुनी, डिकीवाली गाडी. एस्टीम असेल, ॲक्सेंट असेल, इंडिगो असेल. रात्री बाळंतिणीला ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात न्यायचं तर तीच उपयोगी पडते. ती चालती ठेवायची बाईने, पैसे द्यायचे बाईने, पण तिला काय झालंय ते ऐकायचं मात्र पुरुषाने!

माझी गाडी सोळा वर्षांची आहे. मागे एकदा फोंडा घाट चढताना तिचा काटा लाल रेषेवर गेला. गॅरेजवाला मला म्हणाला, "वैनी, भावोजींका पाठवा, तेंका सांगतंय." नवरा तेव्हा बोटीवर होता. मी हलले नाही, तेव्हा उत्तर आलं: हेड गॅस्केट गेलं, पंधरा हजार. मी म्हटलं, डिपस्टिक काढून दाखवा. हेड गॅस्केट गेलं की बरेचदा पाणी ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसतं. माझं ऑइल साफ होतं. तेवढ्याने खात्री होत नाही, म्हणून दुसऱ्या मेस्त्रीकडे प्रेशर टेस्ट करून घेतली. होज पाइप चिरलेला आणि थर्मोस्टॅट अडकलेला निघाला. काम अठराशे रुपयांत झालं. तेरा हजार रुपये वाचले ते एका प्रश्नामुळे.

म्हणून जुन्या गाडीची चारपाच दुखणी आपल्याला ठाऊक हवीत. आकडे सांगते ते माझ्या आणि गटातल्या बायकांच्या बिलांवरून, अंदाजाने. गाडीप्रमाणे ते कमीजास्त होतील.

पहिलं दुखणं गरम होण्याचं. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी ओतायची आपल्याला सवय. किनाऱ्यालगतच्या विहिरींना खारटपणा असतो; त्याने आतून गंज आणि क्षार धरतात. कूलंटच घालावं. वॉटर पंप बसवून दोन ते चार हजार, नवा रेडिएटर चार ते आठ हजार. आणि गाडी तापलेली असताना रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

दुसरं ब्रेकचं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं, आणि आपल्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. ते दर दोन वर्षांनी बदलावं. पुढचे ब्रेक पॅड दीड-दोन हजारांत होतात. आंबोली, करूळ किंवा फोंडा घाट उतरताना सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून पकड सुटते. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

तिसरं क्लचचं. इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरत नाही, म्हणजे क्लच प्लेट घासली. पूर्ण सेट मजुरीसह सहा ते दहा हजार. प्लेट बदलताना प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही बघून घ्या, नाहीतर तीच मजुरी पुन्हा भरावी लागते.

चौथं टायमिंग बेल्टचं. काही गाड्यांना बेल्ट असतो, काहींना चेन. बेल्ट तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही, आणि तुटला तर पुष्कळ इंजिनांत व्हॉल्व वाकतात. पाच-सहा हजारांचं काम मग तीस हजारांवर जातं. जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला ते विचारा. सांगता आलं नाही तर बदलूनच घ्या.

पाचवं खास आपल्या किनाऱ्याचं, गंजाचं. देवबाग-तारकर्लीच्या वाळूतून फिरलेली गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा. पावसाळ्यात गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, मागचे शू चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. आठवड्यातून एकदा चालवा, म्हणजे बॅटरी टिकते आणि वायरिंगमध्ये उंदीर घर करत नाहीत. सस्पेन्शन जिथे बसतं तिथला पत्राच सडला असेल, तर मात्र त्या गाडीवर पैसे घालू नका. इंजिन कितीही चांगलं असो.

गॅरेजमध्ये तीन गोष्टी मागा: आधी लेखी अंदाज, मग काढलेला जुना भाग, शेवटी पक्कं बिल. सप्टेंबर २०२५ पासून सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. पूर्वी बऱ्याच भागांवर २८ होता. बिल असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही.

आता कागदाचं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याची फी एप्रिल २०२२ पासून ६०० ची ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाडीला १०,००० आहे. हरित कर वेगळा. दुरुस्तीचा हिशेब करताना हे धरा.

आणि गाडी कुणाच्या नावावर आहे? आपल्या गटातली एक बाई विधवा झाली. गाडी तिने चालवलेली, हप्ते तिने फेडलेले. पण आरसी बुकावर नाव नवऱ्याचं, म्हणून दीर गाडी घेऊन गेला. मैत्रिणींनो, मालक वारला तर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरायचा. २०२१ पासून आरसीवर नामनिर्देशनही करता येतं. ते आजच करून घ्या. १९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीत बायकांच्या नावावर जमीन करायला लावली. चार चाकांचं तेवढं तरी आपण करू शकतो.

माझी सूचना साधी आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी. कुठल्या गाडीला काय झालं, कुणी किती घेतले, काम टिकलं का, हे त्यात लिहावं. सहा महिन्यांत आपल्याकडे तालुक्याचे दर असतील. पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी ती घेऊन यावं. बॉनेट उघडून ऑइल, कूलंट आणि ब्रेक ऑइल कुठे बघायचं ते शिकू. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही यावं. गरजेच्या रात्री शेजारणीच्या गाडीत आपल्यालाही बसायचं असतं.