खेळाचा धंदा आणि पगाराचा दिवस



कामगार चळवळीतल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेत येऊन रग्बीवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटले असेल. आम्ही रग्बी खेळलेलो नाही आणि त्या खेळातले डावपेच आम्हांस कळतात असा आमचा दावाही नाही. परंतु पगारपत्रक कोणत्याही देशाचे असो, ते वाचावयास आम्ही शिकलो आहोत. रग्बी क्लबांचा पगाराचा व्यवहार आम्हांस उद्बोधक वाटला, कारण तेथे एकाच फाटकातून दोन प्रकारची माणसे कामाला जातात. एकाचे नाव वर्तमानपत्रात छापून येते. दुसरा गवत कापतो, तिकिटे विकतो, कपडे धुतो, हिशेब लिहितो. तिजोरीत खडखडाट झाला म्हणजे मालक या दोघांशी कसा वागतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आपल्यापैकी अनेकांना हा खेळ परिचयाचा नसेल. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळावयाचे, आडवा येईल त्याला अंगावर घ्यावयाचे आणि प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवावयाचा, असा हा खेळ. त्याचा आपल्या देशाशी एक जुना संबंध आहे. १८७३ साली कलकत्त्यातल्या इंग्रजांनी एक क्लब काढला. पुढे सभासद रोडावले आणि क्लब मोडावयाचे ठरले. तेव्हा त्यांनी बँकेतले चांदीचे रुपये काढले, ते वितळवून एक चषक घडविला आणि १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती असलेल्या त्या कलकत्ता चषकासाठी इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून खेळत आले आहेत. क्लब मोडला तेव्हा खात्यात रुपये शिल्लक होते, एवढी गोष्ट ध्यानात ठेवावी. अलीकडे जे क्लब मोडले त्यांच्या खात्यात काय होते, ते पुढे येईलच.

या खेळात पगाराचे भांडण नवे नाही. किंबहुना पगाराच्या भांडणावरूनच हा खेळ दुभंगला. उत्तर इंग्लंडात खाणीत आणि गिरणीत राबणारी माणसे रग्बी खेळत. शनिवारी सामन्याला जावे तर तेवढ्या वेळाची मजुरी बुडे. ही बुडालेली मजुरी भरून द्यावी, असा ठराव यॉर्कशायरवाल्यांनी १८९३ साली लंडनच्या सभेत मांडला. तो १३६ विरुद्ध २८२ मतांनी फेटाळला गेला. खेळ शुद्ध राहिला पाहिजे, असे बहुमताचे म्हणणे होते. ज्यांच्या घरी शनिवारच्या मजुरीवाचून चूल अडत नव्हती, त्यांना शुद्धतेचा आग्रह परवडत होता. अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड गावातल्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लब जमले आणि त्यांनी आपली वेगळी संघटना काढली. बुडालेल्या मजुरीपोटी दिवसाला ६ शिलिंग द्यावयाचे असे ठरले. त्यातूनच पुढे 'रग्बी लीग' नावाचा निराळा खेळ उभा राहिला.

मूळचा 'रग्बी युनियन' हा खेळ मात्र त्यानंतर शंभर वर्षे उघडपणे पगारी झाला नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये पॅरिसच्या बैठकीत ते बंधन उठले, आणि हौशी क्लब एका रात्रीत कारखाने झाले. खेळाडूंचे करार आले, प्रशिक्षक आले, डॉक्टर आले, जाहिराती मिळविणारी कचेरी आली. खर्च वाढला. उत्पन्न मात्र तिकिटे, दूरदर्शनचे हक्क आणि जाहिराती यांतून जेवढे येईल तेवढेच. इंग्लंडात वरच्या वर्गातले बहुतेक क्लब वर्षानुवर्षे तोट्यात चालत आले. तूट भरून काढणारा एखादा धनिक मालक असे. दुसऱ्याच्या मर्जीवर उभा असलेला पगार हा पाण्यावरचा पगार असतो. वारा नाही तोवर ठीक.

तो वारा मार्च २०२० मध्ये सुटला. कोरोनाची साथ आली, मैदाने ओस पडली आणि उत्पन्न जवळजवळ थांबले. तेव्हा निरनिराळ्या देशांनी निरनिराळे मार्ग धरले. ते शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

आयर्लंडच्या रग्बी संघटनेने पगार कापला नाही, काही भाग पुढे ढकलला. खेळाडू असो वा कचेरीतला नोकर, नियम सर्वांना एकच. पण प्रमाण पगाराप्रमाणे चढते, १० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत. ज्याचे ताट मोठे त्याने जास्त काढून ठेवावयाचे. ऑस्ट्रेलियाच्या संघटनेने सुमारे तीनचतुर्थांश नोकरांना एप्रिल ते जून २०२० या काळापुरते बिनपगारी घरी बसविले, आणि खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी होऊन खेळाडूंचे पगार सरासरी ६० टक्क्यांनी खाली आले. इंग्लंडात बहुतेक मोठ्या क्लबांनी २५ टक्के कपात लावली. ज्यांना घरी बसविले त्यांच्या पगाराचा ८० टक्के भाग, महिन्याला २,५०० पौंडांच्या मर्यादेत, सरकारने उचलला. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने खेळांसाठी ३० कोटी पौंडांची मदत जाहीर केली. त्यातले साडेतेरा कोटी रग्बी युनियनच्या वाट्याचे होते, आणि मोठ्या क्लबांना मिळालेला पैसा बहुतांशी कर्जाच्या रूपाने होता. कर्ज म्हणजे पुढच्या वर्षीच्या पगारावरचा बोजा, हे त्या गडबडीत पुष्कळांच्या ध्यानात आले नसावे.

आता एक बारीक गोष्ट पाहा. २५ टक्के कपात साथीपुरती म्हणून सुरू झाली. परंतु जून २०२० मध्ये क्लबांनी मिळून खेळाडूंच्या एकूण पगारावरची कमाल मर्यादा ६४ लाख पौंडांवरून ५० लाखांवर आणण्याचे ठरविले, आणि काही ठिकाणी तात्पुरती कपात कायमची करून घेण्यासाठी नवे कागद सहीला आले. सही करा नाहीतर वाट धरा, असा खेळाडूंच्या संघटनेने त्याचा अर्थ लावला आणि जाहीर निषेध केला. लेस्टरच्या क्लबातल्या काही नामांकित खेळाडूंनी सही दिली नाही आणि ते क्लब सोडून गेले. त्यांना दुसरे दार उघडे होते. कपडे धुणाऱ्या बाईला दुसरे दार कोठले? अडचणीच्या काळात दिलेली सवलत परत कधी मिळणार ही तारीख कागदावर नसेल, तर ती सवलत राहत नाही. ते दान होते, आणि मागून घेतलेले दानही नव्हे.

याच गोष्टीची दुसरी बाजू २०२४ साली दिसली. इंग्लंडच्या रग्बी संघटनेने त्या वर्षी ३ कोटी ७९ लाख पौंडांची तूट दाखविली. त्याच वर्षी ४२ नोकर कमी करण्यात आले. आणि त्याच वर्षीच्या हिशेबात मुख्य अधिकाऱ्यांस ३ लाख ५८ हजार पौंडांचा बोनस दिल्याचे निघाले. त्यांचे एकूण उत्पन्न ११ लाख पौंडांच्या घरात गेले. साथीच्या काळात वरिष्ठांनी पगार कमी घेतला होता आणि संस्था सोडून न जाता ती सावरावी, म्हणून ही योजना आखली होती, असा खुलासा झाला. विश्वचषकाच्या चक्रात काही वर्षे तोटा धरलेलाच असतो, असेही सांगण्यात आले. हे खरे धरू. वरिष्ठांच्या त्यागाची आठवण ठेवणारी योजना कागदावर होती, हे तर उत्तमच. आमचा प्रश्न एवढाच, की खालच्यांच्या त्यागाची आठवण ठेवणारी तशी योजना कोठे होती? त्या गदारोळात डिसेंबर २०२४ मध्ये संघटनेच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

आता वूस्टरकडे वळू. ही हकीगत प्रत्येक नोकरदाराने ऐकावी अशी आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तेथल्या वॉरियर्स क्लबाकडे ६० लाख पौंडांहून अधिक कर थकला म्हणून सरकारी करखात्याने क्लब मोडीत काढण्याचा अर्ज कोर्टात केला. महिनाअखेर पगार झाला नाही. दोन दिवसांनी पैसे आले, पण कसे? खेळाडूंना पूर्ण पगार, आणि बाकीच्या नोकरांना ६५ टक्के. खेळाडूंचा यात दोष नाही. पगार ठरल्या मुदतीत मिळाला नाही तर १४ दिवसांची नोटीस देऊन मोकळे होण्याची सोय त्यांच्या करारात होती, आणि खेळाडू गेले तर क्लबाजवळ विकावयास काहीच उरत नाही. मालकाने ज्याची भीती होती त्याला आधी दिले. गवत कापणाऱ्याची भीती कोणालाच नव्हती. तरीही ती माणसे कामावर येत राहिली. १८ आणि २४ सप्टेंबरला घरच्या मैदानावर सामने झाले, दुसरा तर वूस्टरने ३९-५ असा जिंकला. दोन दिवसांनी, २६ सप्टेंबरला, क्लब स्पर्धेतून निलंबित झाला आणि प्रशासकाच्या हाती गेला.

येथे एक मेख होती. क्लब एक असला तरी कंपन्या अनेक होत्या. खेळाडूंचे आणि काही नोकरांचे करार एका निराळ्या कंपनीच्या नावे होते. ५ ऑक्टोबरला कोर्टाने ती कंपनी मोडीत काढली आणि त्या क्षणी ते सारे करार संपले. रंग एक, गाणे एक, मैदान एक. पण नोकरीच्या कागदावरचे नाव भलतेच. नेमणुकीचा कागद हाती पडला की पगाराच्या आकड्याआधी मालकाचे नाव वाचावे, हे आम्ही सभासदांना सांगत आलो ते उगाच नाही.

वूस्टर एकटे पडले नाही. १८६७ साली स्थापन झालेल्या वॉस्प्स क्लबाने साडेतीन कोटी पौंडांचे रोखे काढले होते; ते मे २०२२ मध्ये फेडावयाचे होते, फेडता आले नाहीत. १७ ऑक्टोबर २०२२ रोजी तो प्रशासकाकडे गेला आणि त्याच दिवशी खेळाडू आणि नोकर मिळून १६७ जणांची नोकरी गेली. ६ जून २०२३ रोजी लंडन आयरिश निलंबित झाला. या तिन्ही क्लबांत एक खूण समान होती: आधी सरकारचा कर थकला. मालक कर भरावयाचा थांबला म्हणजे पगाराचे दुखणे फार दूर नाही असे समजावे.

कायदा काय करतो, असे आपण विचाराल. इंग्लंडात कंपनी बुडाली तर सरकारी विमा निधीतून जास्तीत जास्त आठ आठवड्यांची थकबाकी मिळते, तीही आठवड्याला ठराविक मर्यादेत. २०२२ साली ती मर्यादा ५७१ पौंड होती. कंपनीच्या मालमत्तेतून थकलेल्या पगाराला अग्रहक्क आहे, पण दर माणशी ८०० पौंडांपुरताच. हा आकडा १९८६ साली ठरला आणि तेथेच बसून राहिला. आपल्याकडे २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या सावकारांच्या बरोबरीने धरली आहे. कागदावर आपण पुढे आहोत. परंतु मालमत्ताच उरली नाही तर पहिला नंबर काय आणि दहावा काय!

कोणी म्हणेल, क्लब जगला तरच पगार. मग कपातीला विरोध का? आमचा सरसकट विरोध नाही. आम्ही स्वतः कपातीच्या करारांवर सह्या केल्या आहेत आणि त्याचा आम्हांस पश्चात्ताप नाही. पण सहीपूर्वी आम्ही चार गोष्टी मागत आलो. पहिली, हिशेबाच्या वह्या आमच्यासमोर उघडा. अडचण आम्हांस वर्तमानपत्रातून कळता कामा नये. दुसरी, कात्री वरून लागू द्या आणि पगाराप्रमाणे चढती लागू द्या. तिसरी, कपात किती दिवस आणि परतफेड केव्हा, याची तारीख लिहा. चौथी, थकलेला पगार हे नोकराने मालकाला दिलेले कर्ज आहे, असे कागदावर मान्य करा. बँक कर्ज देते तेव्हा तारण मागते, व्याज लावते, विचार करावयास वेळ घेते. नोकराकडून मात्र न विचारता कर्ज काढले जाते आणि त्याला धीर धरा म्हणतात.

शेवटी एक आशेची गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मध्ये वेल्सच्या खेळाडूंचे करार महिनोन् महिने लोंबकळत पडले होते. अनेकांना पुढच्या हंगामाची शाश्वती नव्हती. इंग्लंडविरुद्धचा २५ तारखेचा सामना खेळणार नाही, अशी त्यांनी एकजुटीने ताकीद दिली. तीन दिवस आधी तडजोड झाली, सामना झाला. तीत एक जाचक नियमही सैल झाला: परदेशी क्लबात जाऊनही देशाकडून खेळावयाचे तर ६० सामन्यांचा अनुभव लागे, तो २५ वर आला. नामवंत खेळाडूलाही एकट्याने हे जमले नसते.

परंतु ही एकजूट खेळाडूंपाशीच थांबली, तर वूस्टरचे ६५ टक्के पुन्हा कोठेतरी दिसतील. १८९५ साली हडर्सफील्डला जो खेळाडू होता, तोच खाणकामगार होता. त्याला दोन संघटना लागल्या नाहीत. आज खेळाडू निराळा आणि मैदान राखणारा निराळा झाला आहे. ज्याच्या हातात १४ दिवसांची नोटीस आहे, त्याने ती वापरताना शेजारच्या माणसाचा पगार झाला का, एवढे विचारले तरी पुष्कळ फरक पडेल. आपल्या गावातल्या कारखान्यात, शाळेत, दवाखान्यात, बँकेत जो कायम नोकर आहे, त्यानेही येत्या पगाराच्या दिवशी आपल्या शेजारच्या कंत्राटी माणसाला हाच प्रश्न विचारावा.