मीटर खात्याचा, वीज तिसऱ्याची

गोव्यात तारा, खांब, मीटर, बिल, सगळं सरकारच्या वीज खात्याकडे. तरी पेडण्यातल्या तुये किंवा डिचोलीच्या वसाहतीतल्या कारखान्याला बाहेरच्या उत्पादकाकडून वीज घ्यायची मुभा 2003च्या वीज कायद्यात आहे. हरित विजेसाठी 2022च्या नियमांनी त्या मुभेसाठी लागणाऱ्या किमान भाराची मर्यादा 100 किलोवॉटवर आणली. पुढे एकाच वीज विभागातल्या अनेक जोडण्यांची बेरीजही चालू लागली.

आता मीटरचा संबंध बघा. या विजेचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांचा, म्हणजे दिवसाचे 96 तुकडे. दुपारी सव्वादोन ते अडीच यंत्रं बंद राहिली, तर तेवढ्यात आलेली सौर वीज 'बँकिंग'मध्ये, म्हणजे नंतर वापरण्यासाठी खात्याकडे जमा, जाते आणि त्याचं शुल्क पडतं. मोठ्या कारखान्यांकडे अशी नोंद ठेवणारे मीटर आधीपासून असतात. स्मार्ट मीटरमुळे छोट्या जोडण्यांचीही ती होऊ लागते.

मात्र ही नोंद आधी पोचते खात्याकडे, जे स्वतःही वीज विकतं. बाहेरच्या विक्रेत्याला आकडे उशिरा मिळाले की त्याचा अंदाज चुकतो आणि भुर्दंड बसतो. तेव्हा आकडे कोणाला, कधी द्यायचे, हे मला मीटरपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. घरगुती ग्राहकाला तर विक्रेता निवडायची सोयच नाही. मीटर नवा आला तरी वीज खात्याचीच.