नांव जपावें कीं माणूस?

(तालुक्यांतील शिक्षक व ग्रामपंचायत सभासद यांच्या सभेंत एका प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण.)



आज मला दिलेला विषय असा कीं, गांवावर संकट आलें असतां गांवाचें व पंचायतीचें नांव कसें राखावें आणि लोकांशीं कसें बोलावें. मी कांहीं विद्वान नाहीं. मराठी शाळेंतला साधा मास्तर आहें. म्हणून आधीं घडलेला इतिहास सांगतों आणि मग माझी स्वतःची एक चूक सांगतों.

सन १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं गांठीचा प्लेग ओळखला व तें म्युनिसिपालिटीच्या सभेंत उघड सांगितलें. पुष्कळांना तें रुचलें नाहीं. शहराचें नांव बिघडेल, परदेशचीं बंदरें आपलीं जहाजें अडवितील, व्यापार बुडेल, ही धास्ती! पण व्यापाऱ्यांच्या अब्रूसाठीं रोग थोडाच थांबतो? पुढें ऑक्टोबरांत हुकूम सुटला कीं, आजाऱ्यांना सक्तीनेंही इस्पितळांत न्यावें. तेथें नेऊन काय करतात, हें गिरणीकामगारांना त्यांच्या बोलींत समजावून सांगण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेतली नाहीं. मग वावड्या उठल्या. इस्पितळांत माणसें मारतात, त्यांच्या अंगाचें तेल काढतात, असें लोक बोलूं लागले. २९ ऑक्टोबर रोजीं सुमारें हजार गिरणीकामगार आर्थर रोडच्या इस्पितळावर चालून गेले. त्यांना अडाणी म्हणून हिणविणें सोपें आहे. पण ज्याला कधीं कोणी विश्वासांत घेतलें नाहीं, त्यानें विश्वास आणावा कोठून?

पुण्यांत १८९७ सालीं तोच प्रकार, अधिक कठोरपणें झाला. प्लेगचे अधिकारी रँडसाहेब यांच्या हाताखालीं गोरे सोजीर घरोघर शिरले. देवघर पाहिलें नाहीं, माजघर पाहिलें नाहीं. सामान बाहेर काढून जाळलें. रोगी शोधणें ही चूक नव्हती. माणसाला माणूस न समजतां शोधणें ही चूक होती. त्यामुळें लोक आपले रोगी लपवूं लागले. २२ जून रोजीं चापेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली व पुढें तो मेला. खून हा उपाय नव्हे. पण सरकारची पत त्याच्या आधींच गेली होती.

त्याच वर्षीं, त्याच पुण्याजवळ सावित्रीबाई फुले काय करीत होत्या? त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनीं हडपसरजवळ प्लेगचा दवाखाना घातला होता. मुंढव्याच्या महारवाड्यांतील एका मुलाला प्लेग झाल्याचें कळतांच बाईंनीं त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यांत आणलें. त्यांतच रोगानें त्यांना गांठलें व १० मार्च १८९७ रोजीं त्या गेल्या. महिनाभर आधीं ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे हेही मुंबईंत प्लेगनेंच गेले होते. बाईंनीं फर्मान काढलें नाहीं, आपल्या नांवाची काळजी केली नाहीं. सव्वाशे वर्षें होऊन गेलीं, पण त्यांचें नांव आज घरोघर आहे.

आणखी एक उदाहरण. हाफकिन यांनीं प्लेगची लस मुंबईंत तयार केली व १० जानेवारी १८९७ रोजीं ती आधीं स्वतःच्या अंगांत टोचून घेतली. पुढें १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं लस टोचलेलीं १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. दोष हाफकिन यांच्या माथीं आला, आणि ते निर्दोष होते हें मान्य व्हावयास १९०७ साल उजाडलें! सत्य बाहेर येण्यास उशीर झाला म्हणजे असा निरपराध्याचा बळी जातो.

तसाच बळी माझ्या हातून जाणार होता. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या गांवांत काविळीची सांथ आली. माझ्या वर्गांतलीं सहा मुलें एका आठवड्यांत पिवळीं पडलीं. जत्रा पंधरा दिवसांवर होती. गांवचे कारभारी म्हणाले, “गुरुजी, बोभाटा करूं नका. गांवाचें नांव जाईल.” मीं मान डोलावली व चार दिवस गप्प बसलों. पण गांव गप्प बसलें नाहीं. खालच्या वस्तींतल्या बायकांनीं पाणी बाटविलें, असें कोणी तरी उठविलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या बायकांना नळावरून हुसकून लावलें. माझ्याच वर्गांतली एक मुलगी रिकामी कळशी घेऊन शाळेच्या ओट्याशीं उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, हे आमच्यामुळं झालं का?”

मला उत्तर देतां आलें नाहीं. त्याच दुपारीं मीं आरोग्य केंद्रांत वर्दी दिली आणि शाळेच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलें कीं, गांवांत कावीळ आहे, पाणी उकळून प्या. पाण्याची तपासणी झाली. नळाची फुटकी जोडणी गटारांत बुडालेली सांपडली, आणि तें गटार वरच्या आळींतलें होतें! गप्प मी बसलों, शिक्षा त्या बायकांना झाली. पुढच्या ग्रामसभेंत मीं हें सर्वांसमोर कबूल केलें व त्यांची माफी मागितली.

म्हणून पंचायतीच्या सभासदांना माझी विनंति आहे. संकटाची बातमी कळेल त्याच दिवशीं सांगा. जें ठाऊक नाहीं, तें ‘अजून ठाऊक नाहीं’ असें स्पष्ट म्हणा. दवंडी, फळा आणि मोबाईलवरचा गांवचा गट, तिन्ही ठिकाणीं एकच मजकूर असावा, आणि तो कचेरीच्या मराठींत नसून आपल्या आयाबहिणींना कळेल अशा बोलींत असावा. ज्या वस्तीवर आळ येण्याचा संभव आहे, त्या वस्तींत सर्वांआधीं स्वतः जा व तिच्या बाजूनें उभे राहा. चूक आपली असेल तर ती चावडीवर कबूल करा आणि दुरुस्त काय केलें तें दाखवा.

यानें नांव जाईल असें कोणाला वाटत असेल, तर खुशाल जाऊं द्या. लोकांना रोगांत ठेवून राखलेलें नांव आपल्याला काय करायचें आहे? जत्रा पुढल्या वर्षीं पुन्हां भरते. पण रिकामी कळशी घेऊन परत गेलेलें पोर तो दिवस जन्मभर विसरत नाहीं.