लिटर किती आणि क्विंटल किती?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या बैठकीत चहाच्या वेळी तीन-चार तरुणांनी आम्हाला घेरले. प्रश्न एकच. विजेवरची गाडी घ्यायची आहे, तर एसयूव्ही घ्यावी की हौद्याची पिकअप? त्यांचे म्हणणे असे, की एसयूव्हीला मागे मोठी डिकी, पुढे बॉनेटखाली आणखी एक डिकी, बाके पाडली की कापूस भरता येतो आणि घरच्यांना घेऊन लग्नालाही जाता येते. दोन्ही कामे एकाच गाडीत होत असतील तर हौद्याची गाडी कशाला? त्यातला एक जण बँकेत कागद देऊन आलेला होता. अशा माणसाला चहाचा कप हातात धरून उत्तर देणे बरे नव्हे, म्हणून आम्ही हिशेब मांडायला मुदत मागून घेतली. तो हिशेब आज तुमच्यापुढे ठेवतो.

गाडीच्या जाहिरातीत जागा लिटरमध्ये सांगतात. दूध लिटरमध्ये कळते, डिझेल लिटरमध्ये कळते, पण लिटरमध्ये कापूस आपल्यापैकी कोणी मोजला आहे काय? हा आकडा निघतो कसा, ते आधी पाहू. युरोपात डिकी मोजायला ठोकळे वापरतात. वीस सेंटिमीटर लांब, दहा रुंद आणि पाच जाड, असा एक ठोकळा म्हणजे एक लिटर. डिकीत असे ठोकळे रचायचे आणि मोजायचे. ते मागच्या झाकणफळीपर्यंत रचले तर एक आकडा येतो, टपापर्यंत रचले तर दुसरा, बाके पाडून रचले तर तिसरा. गाडी तीच. तेव्हा कोणी लिटर सांगितले की पहिला प्रश्न विचारायचा, कुठपर्यंत मोजले?

आता लिटरचे घनफूट करा. अठ्ठावीस लिटर आणि वर थोडे, म्हणजे एक घनफूट. एक घनफूट जागेत ज्वारी भरली तर साधारण वीस किलो बसते. कापूस मोकळा टाकला तर दोन-तीन किलो, आणि पायांनी चांगला तुडवला तर चार, फार तर पाच. कापूस किती वाळलेला आहे आणि तुडवणारा कोण आहे, यावर थोडे कमीजास्त होईल. पुढचा सगळा हिशेब आम्ही चार किलोने करतो. विद्यापीठात आम्हाला मातीची घनता काढायला शिकवले, नळी ठोकून माती काढायची, वाळवायची, तोलायची. तीच नळी कापसाच्या गंजीत ठोकावी असे चार वर्षांत आमच्या कोणाच्याही डोक्यात आले नाही. शेतकी शिक्षणाचा हाही एक नमुना.

या एका हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता आणि संकरित ज्वारीचा ३,६९९. क्विंटलला कापूस दुपटीहून महाग. पण गाडीतल्या एका घनफुटात कापूस बसतो सव्वातीनशे रुपयांचा आणि ज्वारी बसते सातशे चाळीस रुपयांची. म्हणजे कापूसवाला गाडीतून पुष्कळशी हवा वाहून नेतो आणि हवेचेही भाडे भरतो. कापूसवाल्याला जागा हवी, ज्वारीवाल्याला पाट्यांचा दम हवा. गाडी निवडताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर फसगत ठरलेली.

आता गाड्या घेऊ. एसयूव्हीचे उदाहरण म्हणून महिंद्राची एक्सईव्ही ९ई धरू, कारण ती आपल्याच चाकणला बनते आणि तरुणांच्या तोंडी तिचेच नाव होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती बाजारात आली. मागची डिकी ६६३ लिटर आणि बॉनेटखाली १५० लिटर, असे कंपनी सांगते. माणसांच्या सामानासाठी ही जागा भरपूर आहे. पण ६६३ लिटर म्हणजे साडेतेवीस घनफूट, आणि साडेतेवीस घनफुटांत तुडवलेला कापूस चौऱ्याण्णव किलो. क्विंटलसुद्धा नाही! बाके पाडली आणि समजा जागा अडीचपट झाली, तरी सव्वादोन-अडीच क्विंटलच्या पुढे आपण जात नाही. शिवाय तिचा टप मागे उतरत जातो, त्यामुळे कोपऱ्यात गाठोडे बसत नाही, सुटा कापूस कोंबावा लागतो. सुटा कापूस गादीच्या शिवणीत, पट्ट्याच्या खाचेत जातो तो कायमचा.

त्याच डिकीत ज्वारी भरून पाहा. साडेतेवीस घनफुटांत साडेचार क्विंटलच्या वर ज्वारी मावते. पण अशी गाडी पाच माणसे आणि त्यांचे सामान एवढ्याच हिशेबाने बांधलेली असते. एवढे वजन सगळे मागच्या चाकांवर टाकून वर माणसेही बसवली तर गाडी बसेल. कापसाला जागा अपुरी पडली आणि ज्वारीला जागा असून बळ अपुरे पडले, अशी ही गाडी आहे.

हौद्याच्या गाड्यांत टाटांची एस ईव्ही मे २०२२ मध्ये आली. तिची बंद पेटी २०८ घनफुटांची आणि पासिंग सहाशे किलोची. २०८ घनफुटांत मोकळा कापूस सव्वापाच क्विंटल येतो. तुडवून भरला तर आठ क्विंटलच्या वर जातो, पण पासिंग सहाचीच आहे. म्हणजे या पेटीत कापूस तुडवायचाच नाही! आणि ज्वारी भरली तर सहा क्विंटलला तीस घनफूट पुरतात, पेटीचा सातवा हिस्सा. बाकीची पेटी रिकामी दिसते म्हणून आणखी पोती टाकण्याचा मोह होईल. तो आवरायचा, कारण गाडी आरटीओच्या आधी पाट्यांना जड जाते.

२०२४ मध्ये याच गाडीची एक टनाची आवृत्ती आली. महिंद्राची झिओ त्याच वर्षी आली, तिचे पासिंग ७६५ किलोपर्यंत. जून २०२५ मध्ये टाटांची एस प्रो आली. तिची विजेवरची गाडी साडेसातशे किलोची, हौदा साडेसहा फूट लांब, किंमत त्या वेळी साडेसहा लाखांपासून. हौद्याची रुंदी साडेचार फूट धरू. चार फूट उंच कापूस रचला तर ११७ घनफूट, म्हणजे पावणेपाच क्विंटल. सहा फूट रचला तर सात क्विंटल. पण अशा अरुंद गाडीवर सहा फुटांचा डोंगर घेऊन पांदणीतून नाला उतरायचा असेल, तर तो धंदा आम्ही तुम्हाला सांगणार नाही. पावणेपाच धरा. कोरडवाहूत पाच एकरांच्या एका वेच्याला साधारण तेवढाच कापूस निघतो.

उघडा हौदा आणि बंद पेटी यांतला फरक कडब्याला कळतो. देशी ज्वारीचा कडबा माणसापेक्षा उंच. एसयूव्हीत तो दुमडल्याशिवाय जात नाही आणि दुमडला की पाला झडतो. बंद पेटीतही आडवा-तिडवा होतो. उघड्या हौद्यात पेंढी सरळ निजते. पण अवकाळी पावसात कापूस भिजला, ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला, तर खरेदी केंद्रावर गाडी परत फिरते. तेव्हा हौदा उघडा घेतला तर चांगली ताडपत्री ही गाडीच्या किमतीतच धरायची.

अमेरिकेचे उदाहरण एका तरुणाने दिले होते, त्यालाही उत्तर देऊ. तिथे फोर्डची एफ-१५० लाइटनिंग नावाची विजेवरची पिकअप होती. डिसेंबर २०२५ मध्ये कंपनीने तिचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. इंजिन नाही म्हणून बॉनेटखाली चारशे लिटरची कुलूपबंद जागा, आणि मागचा हौदा जवळजवळ त्रेपन्न घनफूट. तिच्याशेजारी कियाची ईव्ही९ ही एसयूव्ही ठेवा. मागच्या दोन्ही रांगा पाडल्या की सुमारे ब्याऐंशी घनफूट. कागदावर एसयूव्हीने पिकअपला मागे टाकले! पण एसयूव्हीचे माप टपापर्यंतचे आहे आणि हौद्याचे माप फक्त फाळक्याच्या कडेपर्यंतचे. हौद्याचा तळ तीस चौरस फुटांच्या आसपास. कडेच्या वर आणखी तीन फूट रचले की माप एकशे चाळीसवर जाते. दोन मापे वेगवेगळ्या उंचीची असताना त्यांची तुलना करणे म्हणजे एकाची ज्वारी पायलीने मोजायची आणि दुसऱ्याची शीग लावून.

त्या गाडीची आणखी एक गंमत आहे. लाइटनिंग जास्तीत जास्त टनभर माल उचलत असे आणि तिची लहानातली लहान बॅटरी अठ्ठ्याण्णव युनिटची. आपली एक टनाची एस ईव्ही तेवढाच माल एकवीस युनिटच्या बॅटरीवर उचलते. तिथे ताशी शंभरच्या वर वेगाने शेकडो मैल जायचे असते, आपल्याला जिनिंगपर्यंत तीस-चाळीस किलोमीटर. मोठ्या बॅटरीचे ओझे माल नसतानाही वाहावे लागते आणि तिचा हप्ताही.

हप्त्याचा हिशेब आता करू. व्याज दहा टक्के आणि मुदत पाच वर्षे धरा. लाखाला महिना सव्वाएकवीसशे रुपये पडतात. साडेसहा लाखांच्या गाडीला पावणेचौदा हजारांच्या वर. एक्सईव्ही ९ई आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत २१ लाख ९० हजार होती, तिला साडेशेहेचाळीस हजार. हेच हमीभावाच्या कापसात मोजा. हौद्याची गाडी वर्षाला वीस क्विंटल कापूस खाते, एसयूव्ही एकोणसत्तर क्विंटल. कोरडवाहूत एकरी चार क्विंटल धरले तर सतरा एकरांचा सगळा कापूस, बियाणे, खत, वेचाई काहीही वजा न करता, फक्त हप्त्यात. या सभेत सतरा एकर कपाशीवाले किती आहेत, ते हात वर करून सांगू नका, आम्हाला ठाऊक आहे.

आणि वीस क्विंटलही थोडे नाहीत. पाच एकरांचे सगळे पीकच ते. म्हणून हौद्याची गाडीसुद्धा एकट्याने घ्यायची नाही. पाच-सहा घरांनी मिळून घेतली, वेच्यांचे दिवस वाटून घेतले, तरच ती पेलते. २०२५-२६ पासून सीसीआयच्या खरेदीला ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी करून दिवस घ्यावा लागतो. ठरल्या दिवशी गाडी मिळाली नाही की माणूस गावातल्या खेडा खरेदीवाल्याला कापूस घालतो. भावातला तो फरक दरवर्षी आपल्या खिशातून जातो. गाडीची खरी कमाई तिथे आहे.

एसयूव्हीच्या बाजूनेही एक गोष्ट आहे, आणि ती मायबहिणींनी आम्हाला सांगितली. हंगामात सकाळी वेचणीच्या बाया शेतावर न्यायच्या असतात. हौद्यात माणसे बसवणे कायद्यात नाही आणि शहाणपणातही नाही. असे अपघात आपण पाहिले आहेत. त्या कामाला बाकाची गाडीच हवी. पण त्याच गाडीच्या डिकीत फवारणीचे औषध ठेवणार असाल, तर थांबा. एसयूव्हीत डिकीची आणि माणसांची हवा एकच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने किती घरे बसली, हे इथे सांगायला नको. औषध बॉनेटखालच्या बंद डिकीत किंवा हौद्यात, लेकरांच्या बाकामागे कधीच नाही.

नंबरपाटीही पाहून घ्या. विजेच्या गाडीची पाटी हिरवी असते. घरगुती गाडीवर अक्षरे पांढरी, धंद्याच्या गाडीवर पिवळी. पांढऱ्या अक्षरांच्या गाडीत शेजाऱ्याचा कापूस भाड्याने नेला आणि अपघात झाला, तर विम्याच्या दारात उभे राहणे कठीण.

चार्जिंगचे थोडक्यात. एस ईव्हीचा प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर आहे. भरल्या गाडीला आपल्या रस्त्यावर तेवढा मिळेल असे धरू नका. पूर्ण भरायला मीटरवर पंचवीसएक युनिट पडतात. घरच्या मीटरवर महिन्याचा वापर वाढला की दराचा वरचा टप्पा लागतो, तोही हिशेबात घ्या. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका, तो वेगळा वापर ठरतो.

बँकेत कागद देऊन आलेल्या त्या मुलाला घेऊन आम्ही एका विक्रेत्याकडे गेलो होतो. बरोबर मोजपट्टी आणि कापसाची तीन गाठोडी. विक्रेत्याचा माणूस आधी हसला. एसयूव्हीची बाके पाडली, दोन गाठोडी आत गेली, तिसऱ्यासाठी मागचे दार लागेना. मुलगा काही बोलला नाही. गाठोडी काढली, गादीवरचा कापूस हाताने वेचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन कागद परत आणले.

आता त्याच्या गल्लीतली पाच घरे एकत्र बसली आहेत. हौद्याची गाडी एक दिवस चालवून पाहायला मिळावी, अशी मागणी त्यांनी दोन ठिकाणी केली आहे. अट एकच, भरली गाडी घेऊन जिनिंगच्या काट्यावर जायचे आणि घरी परत यायचे. काट्याची पावती आणि त्या दिवशीचे मीटरचे युनिट पुढच्या बैठकीत वाचून दाखवू.